नवरा-बायकोने समुपदेशनाला पहिल्यांदा जाताना काय अपेक्षा ठेवावी? (नाशिक)

इंदिरानगरच्या ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला पाच वर्षं झाली, वर्षभरात भांडणं वाढली, नवरा यायला अर्धा तयार आहे. आधी एकटीने जावं की दोघांनी, पहिल्या भेटीत काय विचारतात, एकूण किती भेटी लागतात? शेवटी तुम्ही लिहिलंय, "कुणा जाणत्या माणसाने ह्यांना दोन गोष्टी समजावल्या तरी खूप झालं." या ओळीमुळेच मी लिहायला बसले.

समजूत घालायला मामा, आत्या, मोठे दीर पुरतात, आणि बहुतेक घरांत ते आधीच होऊन गेलेलं असतं. थेरपिस्टच्या खोलीत काम चालतं ते तुमच्या दोघांमध्ये जे घडतं त्यावर. तिथे कोण बरोबर याचा निकाल लागत नाही. थेरपिस्टने पहिल्याच भेटीत एकाची बाजू घेतली तर दुसरा पुन्हा येत नाही आणि सगळं तिथेच थांबतं. त्यामुळे "ह्यांना समजवा" म्हणून नवऱ्याला घेऊन गेलात, तर त्याला दारातच वाटेल की आपण आरोपी म्हणून आलोय. अर्ध्या तयार माणसाचा उरलेला अर्धा तिथेच मागे फिरतो.

आता पहिली भेट. एकट्याची असेल तर साधारण पन्नास मिनिटं, जोडप्याची साठ ते नव्वद. फॉर्म भरावा लागतो: चालू औषधं, आधीचे उपचार, झोप, दारू-तंबाखू, तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा. मग गोपनीयतेबद्दल सांगतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २३ मध्ये रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. त्याला अपवाद मोजके आहेत, जसे की जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश. मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याखाली ते कळवावंच लागतं. थेरपिस्टने हे आपणहून सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

त्यानंतर दोघांनाही एकच प्रश्न येतो: काय बदलायला हवं? मग ओळख कशी झाली, लग्न कसं ठरलं, चांगले दिवस कोणते होते, आणि पहिल्यांदा बिनसलं कधी. अनेकांना हे वेळ घालवणं वाटतं. पण चांगल्या दिवसांबद्दल बोलताना दोघांचे चेहरे सैल पडतात की तेव्हाही कडवटपणा येतो, यावरून थेरपिस्टला बरंच कळतं.

खरं काम सुरू होतं ते एक ताजं भांडण उलगडताना. समजा शनिवारची संध्याकाळ. नवरा अंबडहून साडेसातला येणार होता, आला नऊला, फोन उचलला नाही. बायको दारातच म्हणते, "सांगायचं तरी." तो काही न बोलता बॅग ठेवतो आणि मोबाइल हातात घेतो. ती आवाज चढवते. तो बेडरूममध्ये जाऊन दार लावतो. ती दार वाजवत राहते. घरी या भांडणाचा विषय असतो उशीर. थेरपिस्ट उशिराला हातही लावत नाही. ती विचारते, "त्याने मोबाइल उचलला तेव्हा तुमच्या मनात काय आलं?" उत्तर बहुधा असं निघतं: "माझी ह्याला किंमतच नाही." मग त्याला विचारते, "दार लावलंत तेव्हा अंगात काय होत होतं?" छातीत धडधड, डोकं बधिर, "आता काहीही बोललो तरी चुकणारच." म्हणजे तिने आवाज चढवला की तो आत जातो, आणि तो आत गेला की तिचा आवाज चढतो. हे चक्र दोघांनी एकत्र बसून पाहिलं, तर पहिल्या भेटीचं बरंच काम झालं.

यातून पहिला घरचा अभ्यास येतो: भांडणातली विश्रांती. जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या भांडणांवर अनेक दशकं संशोधन केलं. नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की माणसाला समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, असं ते सांगतात. शरीर शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. म्हणून थांबायचं, पण परत कधी बसायचं ते सांगूनच: "साडेनऊला गॅलरीत बसू." बहुतेक घरांत हा उपाय इथेच फसतो. थांबणारा वेळ सांगत नाही, मग समोरच्यासाठी ते पुन्हा दार लावणंच ठरतं. दुसरी गडबड म्हणजे त्या वीस मिनिटांत मनात उत्तरं जुळवत बसणं. तसं केलं तर नाडी खाली येत नाही. पाण्याने तोंड धुवा, गच्चीवर चकरा मारा, कपड्यांच्या घड्या घाला.

दुसरा अभ्यास बोलण्या-ऐकण्याचा. एकाने दोन-तीन मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं, "तू नेहमी" न म्हणता. दुसऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगून विचारायचं, "बरोबर कळलं का?" हो म्हटल्यावरच पाळी बदलते. सुरुवातीला लोक पोपटासारखं तेच शब्द परत म्हणतात आणि शेवटी "पण" जोडतात. तो "पण" आला की फेरी पुन्हा सुरू करायची. आठवड्यातून तीनदा, पंधरा मिनिटं पुरे, आणि रोजच्या लहान विषयावर. सासूबाई आणि फ्लॅटचा हप्ता लगेच घेऊ नका.

आधी कोणी जावं? नवरा अर्धा का होईना तयार असेल तर पहिली भेट दोघांची घ्या. बरेच थेरपिस्ट दुसरी आणि तिसरी भेट प्रत्येकाशी स्वतंत्र ठेवतात, आणि चौथीत दोघांसमोर मांडतात की काय दिसतंय आणि कशावर काम करायचं. त्या स्वतंत्र भेटीआधी एक प्रश्न हमखास विचारा: इथे एकट्याने सांगितलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत जाते का? काही जण कुठलंही गुपित ठेवत नाहीत, काही ठेवतात. दोन्ही पद्धती चालतात, पण नियम आधी माहीत नसेल तर घात होतो. एकाने विवाहबाह्य संबंधांबद्दल सांगितलं, थेरपिस्टने ते मनात ठेवलं आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याला कळलं, तर जोडीदारावरचा आणि थेरपिस्टवरचा विश्वास एकदमच जातो.

तुमची स्वतःची थेरपिस्ट आधीपासून असेल तर तिलाच जोडप्याची थेरपिस्ट करू नका. ती तुमची बाजू महिनोन्महिने ऐकून बसलेली असते. नवरा आलाच नाही तर एकटीने जरूर जा, पण तिथे काम तुमच्यावर होईल. गैरहजर नवऱ्याला आजाराचं नाव देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

एकट्याच्या थेरपीत आणखी दोन-तीन गोष्टी असतात. नऊ प्रश्नांची नैराश्याची आणि सात प्रश्नांची चिंतेची प्रश्नावली बहुतेक ठिकाणी देतात. पहिलीत २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर नीट तपासणी करतात; तो आकडा म्हणजे निदान नव्हे. थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं तर टाळू नका, कारण थायरॉइड मंद असला तरी सुस्ती आणि उदासी नैराश्यासारखीच दिसते. औषध मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर देतात. सायकॉलॉजिस्ट देत नाही. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत बंद करू नका.

निवड करताना गंगापूर रोडची पाटी आणि गुळगुळीत सोफा बघू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा, तो मागा. समुपदेशक असेल तर मानसशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण, जोडप्यांसोबत कामाचं वेगळं प्रशिक्षण आणि वरिष्ठांची देखरेख आहे का ते विचारा. जोडप्यांचं काम वेगळं कौशल्य आहे. एकट्या माणसासोबत उत्तम काम करणारी व्यक्ती दोघांपुढे गोंधळू शकते. फी आणि भेट रद्द करायचा नियम फोनवरच विचारा. ओळखीतल्या, नात्यातल्या थेरपिस्टकडे जाऊ नका, नाशिक तेवढं मोठं नाही. पत्रिका मागणारा, खात्रीचा उपाय सांगणारा, तिसऱ्या भेटीत "घटस्फोट घ्या" म्हणणारा दिसला की उठा. पैशांची ओढाताण असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा.

किती भेटी? बहुतेक जोडप्यांना बारा ते वीस, सुरुवातीला आठवड्याला एक, मग पंधरा दिवसांनी. तिसऱ्या ते पाचव्या भेटीच्या दरम्यान भांडणं वाढल्यासारखी वाटतात, कारण झाकलेलं वर येतं. अनेक जण तिथेच सोडतात. खोलीतलं बोलणं परतीच्या गाडीवर सुरू ठेवू नका. कॉलेज रोडला चहा घ्या आणि दुसरं काहीतरी बोला. सहाव्या भेटीत स्पष्ट विचारा, "आपण कुठे पोहोचलो?" उत्तर पटलं नाही तर थेरपिस्ट बदला, पण सांगून.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. घरात मारहाण, धमक्या, पैशांची किंवा फोनची नाकेबंदी असेल तर एकत्र थेरपी नको. खोलीत खरं बोललेलं घरी जाऊन अंगावर येतं. तेव्हा एकटीने जा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी आहेत, महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीच्या मदतीचा ११२ आहे. मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, वेळेचं बंधन नाही.

आता त्या जाणत्या माणसाबद्दल. दोन्हीकडचे ज्येष्ठ बसवून केलेल्या बैठकीत ज्याचा आवाज लहान तो कबूल होतो आणि उठतो. जिचं माहेर लांब, ती तर बोलतच नाही. कबुलीनंतर महिनाभर घर शांत असतं, त्यालाच लोक "सुरळीत झालं" म्हणतात. माझा या पद्धतीला विरोध आहे आणि तो मी कुणासाठीही सौम्य करणार नाही. ज्येष्ठांचं प्रेम खरं असतं, पण उद्या सणाला तेच समोर बसणार असतात, आणि त्यांच्यासमोर सांगितलेली गोष्ट परत घेता येत नाही. थेरपी सुरू केलीत तर निदान सहा भेटी होईपर्यंत बैठक ठेवू नका, आणि आईला किंवा मोठ्या जाऊबाईंना बाहेरच्या बाकावरही बसवू नका. कुणी विचारलंच तर दोघांनी ठरवून एकच उत्तर द्या: "आम्ही जातोय, झालं की सांगू."