छंद-शंका : तेहाचापीचा वेढा आणि आठ बाय चारचा प्लाय

प्रश्न : माळ्यावर 12 बाय 10 फुटांची खोली रिकामी आहे. कॅलिफोर्नियातील तेहाचापी येथे लांब मालगाडी डोंगराला वेढा घालून आपल्याच शेपटीवरून पुढे जाते. ते दृश्य मॉडेल रेल्वेच्या एचओ मापात आठ बाय चार फुटांच्या एका प्लायवर उभारावे असा मानस आहे. हे जमेल का? — एक वाचक, निपाणी

उत्तर : आपला उत्साह मोडण्याची इच्छा नाही, तरी प्लाय आणण्यापूर्वी हिशेब कागदावर मांडावा. 1876 साली पूर्ण झालेल्या त्या वेढ्याचा व्यास सुमारे 1,210 फूट आहे आणि तेवढ्यात लोहमार्ग 77 फूट चढतो. एचओ म्हणजे मूळ वस्तूचा सुमारे 87वा भाग. त्या मापाने नुसते वर्तुळच जवळजवळ 14 फुटांचे होते, म्हणजे ते आपल्या खोलीतही मावत नाही. एन मापात, 160वा भाग धरून, ते साडेसात फुटांवर येते खरे, पण मग सगळी खोली त्यालाच द्यावी लागेल.

वर्तुळ आवळून त्रिज्या 18 इंच केली तर अडचण उंचीची येते. अशा वर्तुळाचा परीघ 113 इंच भरतो, त्यामुळे शंभराला दोन या चढाने गाडी एका फेरीत जेमतेम सव्वादोन इंच वर येते. खालची गाडी निर्वेध जाण्यासाठी मात्र पुलाच्या जाडीसह साडेतीन इंच तरी हवेत. ते साधायचे तर चढ शंभराला तीनच्या पुढे न्यावा लागेल, आणि त्यात सततच्या वळणाचे घर्षण वेगळेच. कॅसलरॉक-कुळे घाटातला चढ सदतिसास एक, म्हणजे शंभराला 2.7 आहे, तिथे मालगाडीला जादा इंजिने लावावी लागतात, हे आपल्या भागातील वाचकांना सांगायला नको.

आमच्या मते आपण वेढ्याचा नाद सोडून खोलीच्या लांब भिंतीलगत दहा फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी बसवावी व तीवर कोलोरॅडोतील ग्रेट वेस्टर्न रेल्वेची एखादी शाखा उभारावी. 1901 साली सुरू झालेली ही छोटी कंपनी शेतांजवळून साखरबीट भरून लव्हलँड, लाँगमाँट येथील साखर कारखान्यांकडे नेत असे. गळीत हंगामाची धांदल निपाणीकराला समजावून द्यावी लागत नाही. फरक एवढाच, की तिथे उसाच्या जागी बीट आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या जागी उघड्या वाघिणी. चाळीस फुटी वाघीण एचओमध्ये 14 सेंटिमीटरची होते. चार-पाच सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवण्याच्या जागा), कारखान्याची एक साइडिंग म्हणजे बाजूचा रूळ, बीट भरण्याचा उंच धक्का आणि इंजिनाला वाघिणींच्या दुसऱ्या टोकाला जाता येईल असा एक वळसामार्ग एवढ्यावर संध्याकाळभर शंटिंग, म्हणजे वाघिणींची हलवाहलव, चालते. वाघिणी सोडवण्यासाठी बांबूची बारीक काडी कपलरमध्ये, म्हणजे वाघिणी जोडणाऱ्या आकड्यात, घालून किंचित फिरवली की काम होते. त्यासाठी वेगळ्या यंत्रणेवर खर्च करू नये.

जमिनीसाठी आपल्याकडची तांबडी माती वापरू नये, कारण कोलोरॅडोच्या मैदानाचा रंग फिकट, वाळलेल्या गवतासारखा असतो. माती कोणतीही असो, ती पातळ कापडातून चाळून तिच्यावरून दोन-तीनदा चुंबक फिरवावा. लोहकण राहिले तर ते इंजिनाच्या मोटारीत जाऊन बसतात.

प्रश्न : भावाने अमेरिकेहून रेल्वेचा संच आणला आहे. तो इथे लावता येईल का? आमच्याकडे पावसाळ्यात दमट हवेने रूळ गंजतील का? — एक वाचक, खानापूर

उत्तर : रुळाला वीज पुरवणाऱ्या पॉवरपॅकवरील चिठ्ठी आधी वाचावी. तीवर 100 ते 240 व्होल्ट लिहिले असेल तर नुसती पिन बदलून चालेल. केवळ 120 लिहिले असेल तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवाच, कारण आपल्याकडील 230 व्होल्टवर तो पॅक जळेल. पिन बदलणारा स्वस्त अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही. रुळाला चुंबक लावून पाहावा. चिकटला तर रूळ पोलादी आहे आणि खानापूरच्या पावसात तो गंजणारच. न चिकटल्यास तो बहुधा निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचा असेल, त्याला अधूनमधून स्पिरिटने पुसणे पुरते. पोलादी रूळ असल्यास जून ते सप्टेंबर तो उचलून डब्यात कोरडा ठेवावा. रूळ मांडायच्या फळीसाठी साधा कमर्शियल प्लाय न घेता आयएस 710 शिक्क्याचा मरीन प्लाय घ्यावा आणि सुताराकडून त्याच्या कापलेल्या कडाही रंगवून घ्याव्यात. ओल तिथूनच शिरते.