मेमोनंतर राजीनामा दिला असेल तर साक्षांकन नमुन्यात काय लिहायचं?

भावा, महामंडळात असताना मेमो आला, खुलासा दिलास, मग वैतागून महिन्याची नोटीस देऊन बाहेर पडलास, आता नाशिकरोडच्या प्रेसमध्ये (केंद्राच्या मालकीची) निवड झालीय आणि मित्र म्हणतायत साक्षांकन नमुन्यात (अटेस्टेशन फॉर्म, नोकरीआधीच्या पडताळणीसाठी भरतात तो) "नाही" लिहून टाक. नको लिहू.

पोलीस केसचे रकाने सगळ्यांनाच माहीत असतात, ते सोडतो. गोम नोकरीच्या रकान्यात आहे. केंद्राच्या नेहमीच्या नमुन्यात सरकारी, निमसरकारी नोकरी नोटीस देऊन सोडलेल्यांना विचारतात की त्या वेळी शिस्तभंगाची कारवाई चालू होती का, किंवा कुठल्या बाबतीत खुलासा मागितला होता का. शिक्षा झाली का, एवढंच नाही! म्हणजे तुझा मेमो त्यात येऊ शकतो, मेमोची आणि नोटिशीची तारीख बघ. सातपूर-अंबडच्या खासगी कंपनीतून आलेल्यांना हा प्रश्न लागू नाही, पण नोकरी सोडल्याचं कारण त्यांनाही लिहावं लागतं.

माझा मेमो शिफ्टवरून सुपरवायझरशी झालेल्या तोंडातोंडीचा. नमुन्यात खरं ते लिहिलं, तर नवीन ठिकाणी म्हणाले पुढे काय झालं ते लेखी आणा. आणि तिथून जुन्या ऑफिसने (नाव घेत नाही) जो छळ मांडला! आस्थापना म्हणे फाईल साहेबांकडे, साहेब म्हणे प्रकरण बंद आहे मग कागद कशाला, बरं "बंद आहे" एवढंच लिहून द्या म्हटलं तर म्हणे तसा फॉरमॅट नाही. मेमो काढताना बरा सापडला फॉरमॅट. इकडे माझं जॉइनिंग लटकलेलं. शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, तेव्हा कुठे फाईलवरच्या शेऱ्याची प्रत मिळाली: "खुलासा मान्य, दप्तरी दाखल", म्हणजे प्रकरण बंद. तीच जोडली.

म्हणून तू आधीच अर्ज टाक, कोणी मागायची वाट बघू नको.

मी वकील नाही हां. आणि खरं लिहिलं म्हणजे नोकरी पक्की असंही नाही. अवतार सिंग प्रकरणात (२०१६, तो मुद्दा फौजदारी केसेसचा होता) सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की खरं सांगितलं तरी पूर्वेतिहास तपासायचा अधिकार नोकरी देणाऱ्याकडे राहतोच. पण लपवलेलं सापडलं तर मेमो राहतो बाजूला, माहिती दडवली हाच मुद्दा होतो. भांडण एकवेळ समजून घेतात, हे नाही घेत.

आणि हो, गेल्या पाच वर्षांत सिन्नरला वर्षभराच्या वर राहिला असशील तर तो पत्ता टाक, तिकडची पडताळणी ग्रामीण पोलिसांकडे जाते, शहर आयुक्तालयाकडे नाही.