हत्ती शिकवायचा तर सुळ्यांपासून सुरुवात नको

आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हत्तींचं संवर्धन कसं शिकवावं आणि शिकारीचे फोटो दाखवावेत का, असं तुम्ही विचारलंय. फोटो नकोतच. मुलांच्या डोक्यात मग फक्त रक्त राहतं.

शिवाय सुळे हा अर्धाच विषय आहे. आशियाई हत्तिणींना सहसा बाहेर दिसणारे सुळे नसतात, कित्येक नरांनाही नसतात. तरी हा प्राणी संकटात आहे, कारण त्याची जागा चाललीय. मोठ्या हत्तीला दिवसाला साधारण १५० किलो चारा लागतो आणि त्यातला निम्माही धड पचत नाही. एवढं खायचं तर हिंडावंच लागतं.

आधी आकार कळू द्या. १ मीटर ३० सेंटिमीटर सुतळीचा जमिनीवर गोल करून खडूने आखा. हा पुढच्या पावलाचा ठसा. तीच सुतळी भिंतीवर जमिनीपासून एकावर एक दोनदा लावली की हत्तीची खांद्यापर्यंतची उंची मिळते. लोकर घेऊ नका, ती ताणली जाते. मागचं पाऊल लांबट असतं, त्याला हा हिशेब लागू नाही.

मग खेळ. दहा मीटर अंतरावर दोन जंगलं आखा, मध्ये तीन मीटर रुंद वाट. सहा मुलांचा कळप, पुढे सगळ्यांत वयस्कर हत्तीण, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. कळपाने एका जंगलातून दुसऱ्यात जायचं. उरलेले शेतकरी, वाटेच्या कडेला प्रत्येकाचं आखलेलं शेत आणि पुढे दहा खडे, म्हणजे हंगामाचं धान्य. दर फेरीला एक शेत वाटेत सरकवा. शेतात पाय पडला की दोन खडे गेले.

इथे हमखास बिघडतं ते असं, की सगळ्यांना हत्तीच व्हायचं असतं आणि शेतकरी खलनायक ठरतो. म्हणून अर्ध्यावर भूमिका बदलाच. शेतकऱ्याला दोषी धरून संवर्धन शिकवणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. रात्रभर राखण तो करतो, पीकही त्याचंच जातं.

खडे गमावलेल्या मुलाला उपाय विचारा. ‘कुंपण’ म्हणाला तर कळप शेजारच्या शेतात वळवून दाखवा. मग केनियातल्या मधमाश्यांच्या कुंपणाबद्दल सांगा: तारेवर ओळीने पेट्या टांगतात, हत्ती तारेला धडकला की पेट्या हलतात, माश्या बाहेर पडतात आणि हत्ती मागे फिरतो. शेतकऱ्याला मधही मिळतो. पेट्या रिकाम्या राहिल्या तर मात्र उपयोग नाही, हेही सांगा.

सहा वर्षांखालच्यांना खेळ झेपत नाही, त्यांना सुतळी पुरे.