कुत्र्याचं कलम

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंनी विचारलंय: 'कुत्रा क्लोन केला' म्हणावं की 'कुत्र्याचा क्लोन काढला'? आणि क्लोनला मराठीत काय म्हणायचं?

'केला' बरं. पण मला खटकतं ते निराळंच. एका वेतातली दोन पिल्लं सारखी दिसली की लोक 'अगदी क्लोन!' म्हणून मोकळे होतात. अहो, ती भावंडं! क्लोन म्हणजे एकाच जिवाच्या पेशीपासून वाढवलेला, त्याचीच जनुकं असलेला जीव; तो दिसण्यावरून ठरतच नाही. २००१ साली टेक्ससमध्ये जन्मलेल्या क्लोन मांजरीचे रंग मूळ मांजरीशी जुळले नाहीत, तरी ती क्लोनच.

ग्रीक 'क्लोन' म्हणजे डहाळी, फुटवा. बियांऐवजी फांदी-कंदांपासून वाढवलेल्या झाडांसाठी हा शब्द १९०३ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या हर्बर्ट वेबर यांनी उचलला. म्हणजे आपल्या माळ्याचं कलम! आणि गंमत पाहा, कलमही मूळचं ग्रीकच. 'कालामोस' म्हणजे बोरू. अरबीत त्याचा 'कलम' झाला आणि फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. धातू वेगळे, पण माहेर एक.

कृतीसुद्धा जुळते. २००५ साली सोलमध्ये पहिला क्लोन कुत्रा, स्नपी, जन्मला. अफगाण हाउंडच्या कानाच्या कातडीतली पेशी घेतली, दुसऱ्या कुत्रीच्या बीजांडातलं केंद्रक काढून टाकलं आणि विजेच्या झटक्याने दोन्ही सांधलं. बीजांड हा खुंट, म्हणजे कलमाचं खालचं रोप, आणि पेशी ही त्यावर बांधायची काडी! खुंटाचा अंश उरतोच, कारण तंतुकणिकांमधला (पेशीतल्या मायटोकाँड्रियांमधला) डीएनए बीजांडवालीचा. अवघड मात्र फार. कुत्रीचं बीजांड अंडाशयातून कच्चंच सुटतं आणि पुढे बीजवाहिनीत पिकतं. ते नेमक्या वेळी गाठावं लागतं. १,०९५ भ्रूण १२३ कुत्र्यांमध्ये ठेवले, तेव्हा दोन पिल्लं जन्मली. त्यातलं एक २२ दिवसांत न्यूमोनियाने गेलं.

काही परिभाषावाले 'कृंतक' पुढे करतात. कृंतक म्हणजे कुरतडणारा, उंदीर-घुशींच्या गणाचं नाव! ते कुत्र्याला लावायचं? 'प्रतिकृती'वाल्यांनी इथल्या राजवाड्यातली रविवर्म्याची चित्रं पाहावीत आणि मग जुन्या घरांतले ओलिओग्राफ, म्हणजे त्या चित्रांच्या रंगीत छापील नकला. ती प्रतिकृती, छापखान्यातली. स्नपी एका लॅब्रेडॉर कुत्रीच्या पोटी जन्मला.

तेव्हा ताई, बेधडक 'कलमी कुत्रा' म्हणा, कलमी आंबा म्हणतो तसंच. आणि क्रियापद कलमाचंच घ्यायचं तर 'बांधलं' घ्या. पेशी बीजांडाशी सांधावीच लागते.