शर्ट काढायला सांगणाऱ्या सिस्टर

ताई, मी कोरेगाव तालुक्यातील असून एका पतसंस्थेत नोकरीस आहे. आमची मुलगी 33व्या आठवड्यातच सिझेरियनने झाली. जन्मतः वजन 1 किलो 650 ग्रॅम होते, त्यामुळे साताऱ्याच्या दवाखान्यात 19 दिवस काचेत ठेवावी लागली. (तिथल्या सिस्टर मला शर्ट काढून बाळाला छातीशी घेऊन बसायला सांगत होत्या, पण वॉर्डात बायकामाणसे, शिवाय आपल्याकडे असले बरे दिसत नाही, म्हणून मी आईला पुढे केले. हिला टाक्यांमुळे जमले नाही.) घरी येऊन आता 11 दिवस झाले. वजन 2 किलोच्या थोडे वर गेले आहे. पण ही बाळाचे सगळे यंत्रासारखे करते. घड्याळ लावून दूध पाजते, दुपटी बदलते आणि बाळ आईच्या हवाली करते. त्याच्याशी बोलत नाही, रात्री रडते. परवा म्हणाली, "ही माझी वाटतच नाही." आईची माया उपजत नसते का? तुम्हीच हिला चार शब्द समजावून सांगा.
— एक वाचक

तुमच्या पत्राचा बहुतेक भाग पत्नीविषयी आहे. मला मात्र जे बोलायचे आहे ते तुम्ही कंसात उरकलेल्या दोन ओळींविषयी.

त्या सिस्टर तुम्हाला काय देऊ करत होत्या, हे तुमच्या लक्षात आले नाही. शर्ट काढायला सांगणे ही कुणाची लहर नव्हती. सलाईन किंवा ऑक्सिजनइतकाच तो उपचाराचा भाग होता. कोलंबियातील बोगोटा शहरात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या आणि जंतुसंसर्गाने बाळे दगावत होती, तेव्हा 1978 साली डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळे आयांच्या उघड्या छातीवर बांधून ठेवायला सुरुवात केली. अडचणीतून निघालेला हा मार्ग पुढे पेटीपेक्षा कमी दर्जाचा ठरला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 1 किलो ते 1 किलो 799 ग्रॅम वजनाची बाळे होती, म्हणजे तुमच्या मुलीच्याच वजनाची. तब्येत स्थिर होईपर्यंत थांबण्याऐवजी जन्मानंतर लगेच कातडीला कातडी लावून ठेवलेल्या बाळांमध्ये पहिल्या 28 दिवसांतील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. त्यानंतर 2022 साली संघटनेने शिफारस केली की अशा बाळांना दिवसाचे 8 ते 24 तास छातीशी धरावे. हे काम आईनेच करावे असे नाही. वडील किंवा घरातील दुसरे निरोगी माणूसही ते करू शकते. सिस्टरांनी तुम्हाला बोलावले ते हे जाणूनच.

आता त्या खोलीत तुमच्या पत्नीने काय पाहिले असेल, याचा विचार करा. पोटाला टाके, कमरेत वाकता येत नाही, अशा अवस्थेत ती तिथपर्यंत पोहोचली असेल तेव्हा नाकात नळी असलेली आणि अंगाला तारा लावलेली आपली मुलगी तिने काचेपलीकडून पाहिली. दूध काढून वाटीत द्यायचे, आधी नळीने आणि मग बोंडल्याने किती गेले त्याची नोंद व्हायची. आज 8 मिलिलिटर, उद्या 12, परवा 15 अशा हिशेबातच तिला तिची मुलगी भेटली. ते 19 दिवस तिने जे शिकले तेच ती घरी इमानाने करते आहे, आणि त्याला तुम्ही यंत्र म्हणता. शिवाय बाळ पहिल्यांदा उराशी धरले गेले ते सासूबाईंच्या. सासूबाईंनी उत्तम केले, त्यांच्याविषयी मला एक अक्षरही वाकडे लिहायचे नाही. पण ती खुर्ची नवऱ्याने नाकारली आणि आपल्याला मिळालीच नाही, हे बाळंतिणीला दिसल्याशिवाय राहते का? आता ती बाळ आजीकडे देते, कारण त्या जागी आजीच बसते असे तिला दवाखान्यातच समजले.

माया उपजत असते का, असे तुम्ही विचारता. काही आयांना ती पहिल्या रडण्याबरोबर येते, काहींना पाचवीनंतर, काहींना बाळ हसू लागल्यावर, आणि ताटातूट झालेल्या आयांना बहुधा उशिरा. स्पर्शाने, वासाने, अंगावर झोपलेल्या जिवाच्या वजनाने ती येते. तुमची माया उपजत होती का, हे मी विचारणार नाही, कारण इतक्या मोठ्या पत्रात "मी मुलीला घेतले" असे एकही वाक्य मला सापडले नाही.

आणि "बरे दिसत नाही" याविषयी. आपल्या जिल्ह्यात यात्रेच्या आखाड्यात हजारो लोकांसमोर लंगोट लावून उतरणाऱ्यांचा आपण फेटा बांधून सत्कार करतो. सत्यनारायणाला तुम्ही सोवळे नेसून उघड्या अंगाने पाटावर बसता, तेव्हा घरभर बायकामाणसेच असतात. लाज नेमकी मुलीला जवळ घेतानाच आडवी येत असेल, तर ती लाज नाही, हे काम आपले नाही अशी समजूत आहे. माझ्या वडिलांनी आम्हा भावंडांपैकी एकालाही वर्षाच्या आत उचलले नव्हते आणि त्याचे कौतुकच होत असे. तो काळ गेला, हे मी तुम्हाला लिहून कळवते आहे.

तेव्हा समजावण्याचे चार शब्द मी तुमच्या पत्नीला लिहिणार नाही. ज्या खुर्चीला तुम्ही नाही म्हणालात, तिच्यात आज संध्याकाळी बसा. पतसंस्थेतून आल्यावर अंघोळ करा, नखे कापा, तंबाखू खात असाल तर ती आजपासून बंद. सर्दी-ताप किंवा त्वचेचा काही आजार असेल तर बरे होईपर्यंत थांबा. आरामखुर्चीत किंवा पाठीशी उशा लावून किंचित मागे रेलून बसा. मुलीच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे असू द्या. तिला छातीच्या मधोमध उभी ठेवा, हातपाय बेडकासारखे दुमडलेले, डोके एका बाजूला आणि हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहील आणि नाक तुम्हाला सतत दिसेल. वरून सासरची किंवा माहेरची, कुठलीही जुनी सुती साडी बांधा. थंडीच्या दिवसांत शेगडीपेक्षा ही ऊब बरी, आणि तिला धूर नसतो. एका बैठकीत किमान एक तास हलू नका, कारण बाळाला ऊब घेऊन गाढ झोपायला तेवढा वेळ लागतो. तुम्हाला डुलकी येऊ लागली तर बाळ दुसऱ्याकडे द्या. वजन अडीच किलो होईपर्यंत, किंवा ती स्वतःच चुळबुळ करून बाहेर पडू लागेपर्यंत हे रोज करायचे आहे. ती निळसर पडली, गार लागली, श्वासाला त्रास झाला किंवा दूध ओढेनाशी झाली, तर मात्र कुणाचा सल्ला न विचारता थेट दवाखाना.

पत्नीला त्या वेळी फक्त "तू झोप" एवढेच म्हणा. "बघ, असे घ्यायचे असते" असे चुकूनही म्हणू नका, आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवून परीक्षाही घेऊ नका. ती दाराशी येऊन उभी राहील, कदाचित पहिल्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी. तिने मागितले की द्या, आणि खुर्चीही द्या. टाके आता तिच्या आड येऊ नयेत, तरी ते एकदा दाखवून घ्या.

तिचे रडणे ही समजुतीने जाणारी गोष्ट आहे असे मी मानत नाही. बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मुलीला पुढच्या तपासणीला न्याल, त्याच दिवशी पत्नीलाही डॉक्टरांना दाखवा आणि "ही माझी वाटतच नाही" हे वाक्य त्यांना जसेच्या तसे सांगा. तोवर रात्री धीर सुटला तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. स्वतःला किंवा बाळाला काही करून घेण्याची भाषा तिच्या तोंडून आली, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच घटकेला तिला घेऊन निघायचे.

त्याच तपासणीच्या दिवशी त्या सिस्टरांना गाठा. त्यांच्या हाताखाली रोज कितीतरी बाळे असतात, तुम्ही त्यांना आठवाल असे नाही. पण "तेव्हा मी नाही म्हणालो होतो, आता मी धरतो ते बरोबर आहे का ते पाहा" असे म्हणालात, तर त्या हातातले काम ठेवून तुमच्या मुलीची मान सरळ करून दाखवतील. शर्ट पुढून बटणांचा घालून जा.