पॉलीसिक्स सिंथेसायझरमध्ये मिडी किट (इतर वाद्यांशी किंवा संगणकाशी जोडणारा संच) बसवल्यावर नोट अडकतात म्हणजे वाजतच राहतात, प्रोग्रॅम (साठवलेले आवाज) आपोआप बदलतात: दोष कुठे शोधावा?

किटसाठी नवीन चिप मागवू नका. आधी किट काढा आणि जोडण्या मूळ स्थितीत आणा. तरीही त्रास राहिला, तर किट निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे.

कॉर्ग पॉलीसिक्स १९८१ चा. त्याच्या केएलएम-३६७ या सर्किट बोर्डावर मेमरीसाठी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळते आणि तिचा अल्कधर्मी द्रव तांब्याच्या पट्ट्या खातो. की वाचणारा प्रोसेसरही याच बोर्डावर आहे, त्यामुळे तुम्ही सांगता नेमकी तीच लक्षणे दिसतात. अर्धवट कुजलेली पट्टी वर्षानुवर्षे कशीबशी तग धरते. बोर्ड उचलताना, वायरी ओढताना ती तुटते आणि आळ मात्र नव्या किटवर येतो.

प्लग काढून बॅटरीभोवती हिरवट-पांढरा थर आहे का बघा. असल्यास बॅटरी काढा, पातळ व्हिनेगरने पुसा, मग स्वच्छ पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळू द्या. मग प्रत्येक पट्टी मल्टिमीटरने तपासा. डोळ्यांवर विसंबू नका, बोर्डाच्या संरक्षक लेपाखालीही तांबे गेलेले असते.

बोर्ड स्वच्छ निघाला तर पॉवर सप्लायचे +१५, -१५ आणि +५ व्होल्ट मोजा. किटने +५ वरून जास्त करंट ओढला तरी प्रोसेसर भरकटतो. मोजताना पॉवर सप्लायच्या मेन्स (घरच्या विजेच्या) बाजूला हात नको.

हे वाद्य वाचवण्यासारखे आहे, घाई करू नका.