हृदयाच्या बायपाससाठी (तुंबलेल्या धमनीला वळसा घालायला) पायाची शीर काढताना मांडीपर्यंत लांब चीर द्यावीच लागते का?

नाही. पूर्वी घोट्यापासून जांघेपर्यंत सलग चीर असायची. छातीची जखम भरायची, पण पायाचे टाकेच जास्त छळायचे: सूज, बधिरपणा, पाणी येणं. मधुमेह असेल तर विचारूच नका.

आता बऱ्याच ठिकाणी दुर्बिणीने शीर काढतात. गुडघ्याजवळ दोन-तीन सेंटिमीटरचा छेद, त्यातून कॅमेऱ्याची नळी आत. कार्बन डायऑक्साइड सोडून शिरेभोवती पोकळी करतात, बारीक फांद्या एकेक करून जाळून बंद करतात आणि शीर अलगद बाहेर ओढतात. यात जखम चिघळण्याचं प्रमाण बरंच कमी. शीर ताणली गेली तर ती पुढे लवकर बंद पडेल, ही शंका होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ११५० रुग्णांच्या चाचणीत मृत्यू, हार्ट अटॅक वगैरेंमध्ये दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक दिसला नाही. अर्थात तिथे हात सरावलेले होते, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

तिसरी पद्धत स्वीडनमधली, ‘नो-टच’. शीर भोवतालच्या चरबीसकट काढायची, गळती तपासायला द्रव भरून फुगवायची नाही. अशी शीर जास्त टिकते असं काही चाचण्यांत दिसलं, सगळ्यांत नाही; शिवाय पायाची जखम मोठी.

आणि हो, शिरेतल्या झडपा एकाच दिशेने उघडतात, म्हणून ती हृदयावर उलटी करून जोडतात. पायाचं रक्त परत नेण्याचं मुख्य काम खोलवरच्या शिरा करतातच, त्यामुळे ही एक गेल्याने सहसा अडत नाही.